पूजेत नसलेला ग्लव्ह

रोटोटुना, हॅमिल्टन
३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अक्काच्या चरणी गुरुनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

खंडेनवमीच्या सकाळी अंघोळ करून मी आमच्या बेसबॉल संघाचं सगळं सामान बैठकीत मांडलं. बॅटी, चेंडू, चामड्याचे ग्लव्ह, कॅचरचा मुखवटा. हळदकुंकू वाहिलं. तुझ्या भावजयीने, सुलेखाने, कुंपणावरची पिवळी फुलं आणून दिली. गावी आपले दादा नांगर-कुळव पुजायचे तेव्हा म्हणायचे, जे पूजेला ठेवलं त्यावर वर्षभर हात चालवायचा, पण त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची. इथे परदेशात माझ्याकडे नांगर नाही, म्हणून बॅट.

त्याच संध्याकाळी सराव होता, हे मात्र मी साफ विसरलो. संघातला रमण बॅटी न्यायला आला आणि मी त्या हलवू दिल्या नाहीत. मग सगळी पोक्त माणसं मोकळ्या हातांनी मैदानात नुसती पळत राहिली. रमण म्हणाला, गुरुभाऊ, आता देवालाच खेळायला उतरवा, आपल्यापेक्षा वाईट नक्कीच खेळणार नाही.

खरं सांगायचं तर यंदाही आशा नाही. गेल्या हंगामात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. तरणी मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, उरलो गुडघे धरून धावणारे. शशिकांत तर क्रिकेटच्या सवयीने अजून बॅट हातात घेऊनच पळतो. ती टाकून पळायची असते, हे त्याच्या अंगात मुरतच नाही. मुग्धा म्हणते, बाबा, तुमची टीम 'हीप्स' वाईट आहे. हीप्स म्हणजे ढिगाने.

तुझा सुशांत चेंडू फेकतो म्हणून निदान सामने पुरे होतात. दुसऱ्या कुणाच्या हातून तो नीट पोचतच नाही. सुशांत नसता तर लीगने आम्हाला केव्हाच घरी बसवलं असतं. आणि शनिवारची ती दुपार गेली, तर आम्ही सगळे आपापल्या गॅरेजात बसून म्हातारे होऊ.

सुशांत हल्ली गप्प असतो. ग्लव्ह पूजेला दे म्हटलं, तर मळलाय म्हणाला. हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्यांनी दमला असेल. काळजी करू नकोस.

दाजींना नमस्कार. समुद्र मोठा आहे, माया त्याहून मोठी असू द्यावी.

तुझा,
गुरू


आजरा
८ ऑक्टोबर

चि. गुरूस मंदाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेजारच्या मैत्रेयीने तुझं पत्र फोनवर मोठं करून दाखवलं. माझंही तीच धाडील. फोनवर बोलायला बसले असते तर रडले असते, म्हणून लिहिते.

तुझे दाजी म्हणाले, तुमच्या भावाने हरण्याचा उपवास धरलाय, पारणं कधी करणार ते विचारा. मी म्हटलं, शाळेत लंगडीतही तो पहिला बाद व्हायचा, आता पन्नाशीला काय सुधारणार! हसून घे, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

तो ग्लव्ह मळलेला नव्हता रे. सुशांतला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात बोलावणं आलंय. हृदयाच्या शस्त्रक्रियांच्या विभागात, पुढच्या शिक्षणासकट. तुला सांगायचा त्याला धीर होत नाही. मला म्हणाला, आई, ग्लव्ह पूजेला ठेवला असता तर वर्षभर खेळायचा शब्द दिल्यासारखं झालं असतं, मामाच्या देवापुढे खोटं कसं वागू? आणि आता तिकडे नकार कळवायला निघालाय. म्हणतो, मामाने मला इथे आणलं, घरात ठेवलं, त्याचा संघ मी कसा मोडू?

त्याला जा म्हटलं तर तुझं नुकसान, थांब म्हटलं तर त्याचं. म्हणून हे तुलाच कळवते. तू नुसतं जा म्हणालास तरी तो हंगाम संपू दे म्हणेल, आणि तोवर ती जागा राहायची नाही. हट्टीपणात तो तुझ्यावरच गेलाय. काय करायचं ते तूच ठरव. काहीही ठरवलंस तरी मी रागावणार नाही.

सुलेखाला, मुग्धाला आशीर्वाद. जेवणाची हयगय करू नये आणि बहिणीला विसरू नये.

तुझी,
अक्का


रोटोटुना
१२ ऑक्टोबर

ती. सौ. अक्काच्या चरणी शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून देवासमोर बसलो. काही मागायचं सुचलं नाही. पोरगा माझ्याच घरात राहतो, माझ्याच ताटाशेजारी जेवतो, आणि एवढं ओझं एकटा वाहत होता, याचंच वाईट वाटलं.

तू म्हणतेस ते खरं. संघ आहे तोवर तो जाणार नाही. म्हणून काल सरावानंतर, सुशांत ड्यूटीवर असताना, मी सगळ्यांना सांगितलं की यंदा लीगमध्ये नाव द्यायला नको. कारण मात्र सांगितलं नाही. शशिकांतने मान हलवली आणि तो बूट सोडत बसला. रमण भडकला. म्हणाला, हरत होतो तरी हजेरी लावत होतो, तेवढीच आपली इज्जत होती, तीही तुम्ही घालवताय. आणि हे सांगायला पूजा कशाला घातलीत? तो निरोप न घेताच गाडी काढून गेला. असा तो पूर्वी कधी गेला नव्हता.

पुन्हा कधी संघ उभा राहील, असं मला वाटत नाही. आमच्या वयाला एकदा थांबलेलं पुन्हा सुरू होत नाही. लीगला लिहिलेला निरोप सकाळपासून तसाच पडून आहे. दोनदा उघडला, मिटला.

दाजींच्या गुडघ्याला तेल चोळत जा. तुझा हात दुरूनही डोक्यावर असू दे.

तुझा,
गुरू

ता. क. : पत्राचा फोटो काढायच्या आधी निरोप पाठवून दिला. तासाभरात उत्तर आलं, आमची जागा टौरंगाच्या एका संघाला दिली. सुशांत झोपेतून उठल्यावर त्याला ते दाखवलं. त्याने विचारलं, मामा, माझ्यामुळे का? मी म्हटलं, नाही, आमच्या गुडघ्यांमुळे. मग मी शेजारी बसलो, आणि त्याच्याकडून ब्रिस्बेनला होकार लिहून घेतला.