कमरेवरची नागीण

५ मार्च २००७
उजव्या कमरेवर पुरळ. नुसती आग! सुलोचना म्हणते, कालच्या होळीच्या रंगात काहीतरी होतं. पण रंग तोंडाला लावला होता, कमरेला नाही.

६ मार्च
डॉक्टरीणबाई तिशीच्याही नसतील. म्हणाल्या, "अंकलजी, नागीण आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत झोपून राहतो. त्याच्यावर पहारा देणाऱ्या पेशी वयाबरोबर थकतात. नव्याही फारशा तयार होत नाहीत."
मतलब जुने थकले आणि भरती बंद. छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, लगेच समजलं.
पण मला कांजिण्या झाल्याच नाहीत! ठासून सांगितलं. बाई म्हणाल्या, "घरी कुणा मोठ्यांना विचारा." अडुसष्टाव्या वर्षी घरी मोठं कोण उरतं?

७ मार्च
शेजारचे गुप्ताजी पाहून गेले. जाताना सुलोचनाला हळूच — "भाभीजी, मुँह और पूँछ मिलने मत देना." नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस खलास म्हणे. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ती एकाच बाजूला राहते, वेढा-बिढा काही नाही.
मी शास्त्र मानतो. तरी टेप काढला. जन्मभर रुळांमधलं अंतर मोजलं, हे तर घरचंच काम. तोंड ते शेपूट, मोकळी जागा चौसष्ट सेंटिमीटर.

८ मार्च
त्रेसष्ट. हादरलो. सुलोचना म्हणाली, "पोट आत घेतलंत तुम्ही." पोट सोडून मोजलं — सहासष्ट. आता नागीण मागे हटली की माझं पोट सुटलं, यावर जेवणभर वाद.

९ मार्च
गुप्ताजी स्वतःचा टेप घेऊन आले. आमच्यावर विश्वास नाही.

१२ मार्च
गुप्ताजी ऐकेनात. स्कूटरवरून चाकसू गावी, देवी-कांजिण्या बऱ्या करणाऱ्या शीतलामातेच्या मेळ्याला नेलं. प्रत्येक खड्डा कमरेत. सगळ्या बायका पोरांना कडेवर घेऊन रांगेत. एकीने विचारलं, "आपका बच्चा कहाँ है?" गुप्ताजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. तिने माझ्याही डोक्यावरून हात फिरवला.

१५ मार्च
खपल्या धरल्या. ठणका आहेच. सुलोचनाने भुसावळला यमुनाअक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, फोन लावला.
"झाल्या होत्या की," अक्का म्हणाली. "तू चार वर्षांचा. आधी संभाजीला आल्या, त्याच्याकडून तुला. एका गोधडीत निजायचात दोघं. तू उठलास."

१६ मार्च
संभाजी माझा मोठा भाऊ. सहा वर्षांचा होऊन गेला. फोटो नाही, चेहरा आठवत नाही. त्याचं काही म्हणजे काही मागे राहिलं नाही, असं आई म्हणायची.
राहिलं होतं.