माशांना मानवेल असं पाणी

मंगळवार, ५ एप्रिल २०१६. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

दोन मासे मेले. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे लोक आधी वेळच नाकारतात. काल दुपारी सोसायटीत टँकर आला. त्याचं पाणी मी फिश टँकमध्ये भरलं. आज सात-दहाला दोन्ही सोनेरी मासे पोट वर करून तरंगत होते. यापेक्षा सरळ प्रकरण मी सहकार खात्यातल्या एकतीस वर्षांच्या स्टेनोगिरीत टाइप केलेलं नाही.

सोसायटीचे चेअरमन उत्तरेश्वरतात्या यांना तक्रार दिली. टँकरच्या पाण्यात काय मिसळतात, कोणाच्या सांगण्यावरून, किती. उत्तर शुक्रवारपर्यंत, लेखी.

तात्यांनी पत्र उलटं धरलं, मग सुलटं धरलं आणि म्हणाले, "मॅडम, मागच्या गल्लीत घागरभर पान्यावरून डोकी फुटाया लागलीत, अन् तुमी माशाचं काय घिऊन बसलात?"

तोंडी उत्तर मी स्वीकारत नाही, असं सांगून आले.

तीन उरले. दोन केशरी, एक काळा, बटबटीत डोळ्यांचा.

बुधवार, ६ एप्रिल.

मासे माझे नाहीत. मला ते कधीच आवडले नाहीत. मासे यांचे. हे साखर कारखान्यात केमिस्ट होते. दिवसभर रसाच्या नळ्यांकडे बघून घरी येत आणि माशांकडे बघत बसत. निवृत्त झाल्यावर नुसतेच माशांकडे.

जानेवारीत यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दिरांनी शेताचं सांगून पाहिलं. मुलगा म्हणाला, आईला पुण्याला घेऊन जातो. त्यावर कावळा बाभळीच्या आणखी वरच्या फांदीवर गेला. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. छत्री घेऊन लांब उभी होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा वैतागून म्हटलं, "मासे मी सांभाळीन." वाक्य संपायच्या आत कावळा खाली.

योगायोग. पण सगळ्या भावकीने ऐकला आहे.

मी अंधश्रद्धा पाळत नाही. दिलेला शब्द पाळते. आजपासून माशांसाठी पाणी सुरक्षित करणारं औषध शास्त्रीय पद्धतीने निवडणार. तीन मासे. एकही कमी होणार नाही.

शुक्रवार, ८ एप्रिल.

पाडवा. गुढी नाही, वर्ष सुटायचं आहे. तात्यांचं उत्तरही नाही.

घरात मळीचा वास. हे ड्यूटीवरून येताना कपड्यांना यायचा तोच. खिडक्या लावल्या तर वाढला. वाऱ्याने कारखान्याकडून आला असेल. (ऊस नाही म्हणून कारखाना यंदा पेटलेलाच नाही. पण जुना वास भिंतींत राहत असेल.)

शनिवार, ९ एप्रिल.

बसस्टँडमागे आसारामचं रंगीत माशांचं दुकान आहे. हे तिथूनच मासे आणायचे. आसारामने एक निळी बाटली काढली. "म्याडम, बादलीला दोन थेंब. क्लोरीन जागेवर खल्लास."

बाटलीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही. सील सैल. वर हसणारा मासा छापलेला. मासे हसत नाहीत. माझ्या घरातले तर नाहीतच. मी बाटली परत ठेवली.

"कावून? काय वाईट हाय त्यात?" त्याने करडईच्या टरफलाएवढाही मान न ठेवता विचारलं. मी म्हटलं, ज्या वस्तूला स्वतःचा पत्ता नाही ती माझ्या घरात येणार नाही.

घाईत निर्णय घेतला नाही, याचं समाधान आहे.

रविवार, १० एप्रिल.

यांची एक निळी बादली होती. पॅसेजच्या मधोमध, पाण्याने भरलेली, कायम उघडी. अकरा वर्षं मी तिला ठेचकाळले आणि अकरा वर्षं बोलले. हे काही न बोलता ती वीतभर सरकवायचे. तेरावा आटोपल्यावर पहिलं काम मी तेच केलं. बादली उपडी केली आणि गच्चीवर टाकली. आमच्या गल्लीच्या आशा कार्यकर्त्या जानकीबाई, त्याही सांगतात, उघडं पाणी ठेवू नका, डास होतात.

तरी त्या जागी आले की पाय आपोआप उचलला जातो. आज तिथे फरशीवर गोल ओला डाग होता. बादलीच्या बुडाएवढा. आठ दिवसांत फरशी पुसलेली नाही. पुसायला पाणी आहे कुठे?

फरशीला घाम येतो, असं मी ठरवलं. बाहेर बेचाळीस डिग्री. माणसाला येतो, तर फरशीला का येऊ नये?

मंगळवार, १२ एप्रिल.

प्रश्न सुटला!

जानकीबाई घरोघर पाणी शुद्ध करायचं औषध वाटत होत्या. छोटी पांढरी बाटली. बॅच नंबर आहे, तारीख आहे, सरकारी शिक्का आहे, आणि इंग्रजीत स्वच्छ छापलंय की याने पाणी सुरक्षित होतं. हसणारं कोणी नाही.

जानकीबाई म्हणाल्या, "घागरीला थोडेच थेंब टाका बरं का, मॅडम. लई कडक हाय." मी मनात हिशेब केला. माणूस पाणी नुसतं पितो, मासा त्यातच राहतो. म्हणून दुप्पट.

टँकमध्ये टाकलं. पाणी काचेसारखं झालं. आसारामला दाखवायला हवं.

शुक्रवार, १५ एप्रिल.

एक केशरी गेला. टँकरच्या पाण्यात विष फारच जबर असणार, दुप्पट औषधालाही आवरलं नाही. तात्यांना स्मरणपत्र. औषध तिप्पट केलं.

संध्याकाळी साडेसहाला काळा मासा दाराकडच्या कोपऱ्यात येऊन थांबतो. पाच मिनिटं हलत नाही. साडेसहाला कारखान्याची जीप यांना सोडायची. मी दोनदा दोन कप चहा केला. साखर महाग असताना हे बरोबर नाही.

सोमवार, १८ एप्रिल.

दुसरा केशरीही. आता काळा एकटा.

सोसायटीची मीटिंग झाली. विषय पाणीकपात, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. पहिल्या मजल्यावरच्या पारूबाई उठून म्हणाल्या, "ठरावच करा. दुष्काळात माशाच्या टाक्या बंद." टाळ्या पडल्या. मी उपविधी उघडून विचारलं, कोणत्या कलमाखाली? तात्या म्हणाले, "कलम न्हाई मॅडम, पन लाज तर हाय का न्हाई?"

मी सांगितलं, माझ्या वाट्याचं पाणी मी पिईन, अंघोळीला वापरीन किंवा माशाला देईन. गेला आठवडा अंघोळ दिवसाआड करते आहे, हे मात्र सांगितलं नाही. त्यांचा काय संबंध?

पारूबाई जिन्यात हळूच म्हणाल्या, "राग नका मानू. पन त्या काळ्यात साहेब हायेत असं समदे म्हनतेत. मला तर तो बघितला की पदर घ्यावा वाटतो." मी म्हटलं, मेलेला माणूस माशात येत नाही. आणि आलाच तर हे केशरी निवडतील, काळा कपडा यांनी जन्मात घातला नाही.

घरी आले. काळा काचेला लागून बघत होता. हे पेपरच्या वरून बघायचे तसंच, मी कोणाशी तरी भांडून आले की.

गुरुवार, २१ एप्रिल.

काळा तळाशी बसून असतो. तोंड उघडं, कल्ले जोरजोरात हलतात. मी त्याच्याशी इंग्रजीतून बोलते, म्हणजे शेजारी समजणार नाहीत. आज चुकून मराठीत म्हणाले, "जेवलात का?"

पॅसेजमध्ये पुन्हा डाग.

शनिवार, २३ एप्रिल.

सरकारी बाटली पर्समध्ये घालून आसारामकडे गेले. बाटली म्हणजे काय असते ते त्याला एकदा दाखवायचं होतं. त्याने वास घेतला, गिऱ्हाइकाला बोलावून त्यालाही वास दिला, आणि हसत खुर्चीवर बसला.

"म्याडम, ह्ये क्लोरीनच हाय की! माझी बाटली त्याला मारती. तुमी त्येच ओतायलात! किती टाकलं?"

मी आकडा सांगितला नाही.

हसणं थांबलं त्याचं. म्हणाला, "साहेब माझ्याकून बाटली कदीच घेत नव्हते. म्हनायचे, आसाराम, बादलीत पानी दोन दिस उघडं ठिवलं की क्लोरीन आपोआप उडून जातंय, फुकटात. तुमाला म्हाईत नव्हतं?"

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याबद्दल मला कोणी सांगायची गरज नाही.

माल खपवायला माणसं मेलेल्यांच्या तोंडी काहीही घालतात. निळी बाटली विकत घेतली. वापरायला नाही, पुरावा म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

पुरावा तपासल्याशिवाय पुरावा होत नाही. म्हणून बादलीभर पाण्यात दोन थेंब टाकून काळ्याचं अर्धं पाणी बदललं.

गच्चीवरून यांची बादली आणायला गेले होते. उन्हाने तिचं बूड तडकलं आहे. आता पॅसेजमध्ये मोठं पातेलं भरून उघडं ठेवलंय. सहज. डास होतील तर होऊ देत.

बुधवार, २७ एप्रिल.

काळा जरा वर आला! दोन दाणे खाल्ले. माझ्या पद्धतीला यश येतं आहे. जानकीबाई नवी बाटली द्यायला आल्या. पहिली एवढ्यात कशी संपली, घरात किती माणसं, म्हणाल्या. मी म्हटलं, पाहुणे होते.

पातेल्याला पायाचा अंगठा लागला. कोणाला तरी बोलायला तोंड उघडलं होतं.

शनिवार, ३० एप्रिल.

तात्यांचं लेखी उत्तर आलं. सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. शब्दशः उतरवते: "टँकरमध्ये जंतुनाशक टाकले जाते, ते माणसांसाठी आहे. माशांविषयी उपविधीत तरतूद नाही. ठराव स्थगित ठेवला आहे. माणिकराव साहेब गेल्यापासून संध्याकाळी पारावर आम्हालाही करमत नाही. कळावे."

इतक्या वर्षांत मला कोणी असं उत्तर दिलेलं नाही. शुद्धलेखन तपासायला घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

काळा एका कुशीवर आहे. साडेसहाला कोपऱ्यात आला नाही. मी टँकशेजारी खुर्ची ओढून बसले. साडेसात झाले, आठ झाले. चहा थंड.

सोमवार, २ मे.

गेला. वेळ लिहिलेली नाही.

आसाराम म्हणाला होता की कल्ले एकदा जळले की मग कितीही चांगलं पाणी दिलं तरी फार उपयोग नसतो. हे त्याने मागच्या शनिवारी, तेवीस तारखेलाच सांगितलं होतं. मी तेव्हा इथे लिहिलं नव्हतं, कारण ते मी दुकानाबाहेर आल्यावर त्याने मागून ओरडून सांगितलं होतं. तसलं मी धरत नाही.

तुळशीच्या कुंडीत पुरला. पारूबाई खालून बघत होत्या. डोक्यावर पदर घेतला त्यांनी.

हवेचा पंप बंद केला. त्याची ती गुणगुण, हे पेपर वाचताना नाकातल्या नाकात करायचे तशी. बंद केल्यावरही थांबली नाही. फ्रिज असेल म्हटलं. वीज गेलेली आहे हे नंतर लक्षात आलं.

उठले नाही. ऐकत बसले.

मंगळवार, ३ मे २०१६. सकाळी अकरा.

सगळ्यांची उत्तरं आली. एकाचं बाकी आहे. नोटिशीत नाव घालावं लागतं. उखाण्याशिवाय मी ते कधी घेतलं नव्हतं.

प्रति,
श्री. माणिकराव,
सध्याचा पत्ता उपलब्ध नाही.

महोदय,

आपण पॅसेजमध्ये अकरा वर्षं उघडं पाणी ठेवलं. त्याचं कारण आपण आसाराम दुकानदारास सांगितलं, बहुधा पारावरही सांगितलं असेल. घरात सांगितलं नाही. "तू विचारलं नाहीस" हा बचाव ऐकून घेतला जाणार नाही. मी रोज बोलत होते. त्यात विचारणं आलंच.

आपले पाचही मासे मरण पावले आहेत. शब्द मी दिला होता, पाणी आपलं होतं. ते आपण शेवटचं भरलेलं पाणी मीच चार एप्रिलला नालीत सोडलं, कारण ते गढूळ दिसत होतं. त्या पाण्यात पाचही जगत होते. याची नोंद फक्त माहितीसाठी.

येत्या सोमवारी अक्षय्य तृतीया. आपल्या नावाने पहिल्यांदाच मातीची घागर भरायची आहे. नळ आलेला नाही, विहीर आटली आहे, घरात फक्त टँकरचं पाणी आहे. ते तसंच भरलेलं आपल्याला मानवेल, की दोन दिवस उघडं ठेवलेलं लागेल? मला माहीत नाही. कोणाला विचारावं, तेही माहीत नाही.

उघडं ठेवायचं तर पातेलं शनिवारी सकाळी भरावं लागेल. तरी आपलं लेखी उत्तर शुक्रवार, ६ मे रोजी संध्याकाळी पाचच्या आत मिळावं. मुदतीत उत्तर न आल्यास आपलं काहीएक म्हणणं नाही, असं गृहीत धरावं लागेल.

कृपया ती वेळ माझ्यावर आणू नये.