शॉवर काढणे : एक किरकोळ काम

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.
आई शनिवारी दवाखान्यातून घरी येणार. नवा गुडघा. डॉक्टर म्हणाले, काही ओलांडायचं नाही, खुर्चीवर बसून आंघोळ. आमच्या बाथरूममध्ये काचेची केबिन, तिला वीतभर उंच कट्टा, वर शॉवर. चार वर्षांपूर्वी मीच हौसेने बसवला. त्याखाली मी एकूण तीनदा उभा राहिलो. एरवी बादलीच.
संकल्प : शुक्रवारच्या आत सगळं साफ. प्लंबर नको. पंक्चर काढता काढता ज्याने टायरचं दुकान उभं केलं, त्याला नट फिरवायला माणूस लागतो?

त्याच दिवशी, सायंकाळी.
पाहणी केली. पाहणी म्हणजे निम्मं काम. बायको माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर म्हणत होती, वन्सं, यांनी पाना हातात घेतला की मी आधी प्लंबरचा नंबर शोधून ठेवते. माझे कान तिखट आहेत. मन मात्र मोठं आहे. सोडून दिलं.

मंगळवार, ४ मार्च.
दुकानात गर्दी. म्हणजे दोनच गिऱ्हाइकं, पण बोलकी. वेळ झाला नाही.

बुधवार, ५ मार्च. सायं. ६.
काचा काढल्या. हातमोजे, बूट, डोळ्यांवर गॉगल. सेफ्टी म्हणजे सेफ्टी. मुलगी म्हणाली, बाबा, बॉम्ब निकामी करताय का? दोन काचांपैकी एक अखंड निघाली. दुसरी सुटी सुटी निघाली. उचलायला तीच सोपी.

गुरुवार, ६ मार्च.
कट्टा फोडला. सोबत दोन फरश्याही गेल्या. त्या तशाही मनातून उतरल्या होत्या.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ९.
आज शॉवरचा पाईप. पहिला नियम, आधी पाणी बंद. स्टुलावर चढलो आणि ओरडलो, मेन बंद कर! बायको पॅसेजमधून म्हणाली, केला! याला म्हणतात टीमवर्क. नेमका त्याच क्षणी बाथरूममधला दिवा गेला. हे वीजवाले! माणूस कामाला लागला की यांना बरोबर वास येतो. मी खचणारा नाही. अंधारात पाना लावला, तीन आटे फिरवले.

९.१०.
पाण्याला चांगलाच जोर आहे.

११.
पाणी थांबलं. इमारतीची टाकी संपली.
बायको म्हणते, मेन म्हणजे मेन स्विच, घरात दुसरं कुठलं मेन असतं? मी म्हटलं, पाण्याचा मोठा कॉक. ती म्हणाली, मग कॉक म्हणायला जीभ झिजते का? वर म्हणाली, निदान शॉक तरी लागला नाही. म्हणजे सुरक्षिततेच्या बाजूने काम चोखच झालं म्हणायचं.
खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका वर आल्या. हातात छत्री. बाहेर कडक ऊन. समजायचं ते समजलो.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ४.
प्लंबर आला. वीस मिनिटांत शॉवर खाली, पाईपच्या तोंडाला बूच. विचारलं, साहेब, आधी बंद नव्हतं का केलं? म्हटलं, मेन केला होता. तो गालातल्या गालात हसत बूच आवळत राहिला.
आई दवाखान्यातून परस्पर बहिणीकडे गेली. फोनवर म्हणाली, बाळा, रागावू नकोस रे, इथे सगळं सपाट आहे. चालायला लागले की येते. तोवर तू दमू नकोस, कशाला हात लावू नकोस. बायको आणि मुलगी तिच्या मदतीला गेल्या. जाताना आंघोळीचे टॉवेल घेऊन गेल्या.
बाथरूम झकास मोकळं झालंय. कट्टा नाही, काच नाही, शॉवर नाही. मधोमध आईसाठी आणलेली खुर्ची.
बसून पाहिलं. डगमगत नाही.