तीन माइक, एक वायर

गुरुवार, दुपार

ठमे,

आशीर्वाद. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, मी काही कॉलेजात गेलेली नाही. इकडे सगळे बरे. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात कोण कुणाचं ऐकतं? तुझी आई बरी आहे. तुझा बाप धडधाकट आहे, दोन माणसांचं जेवतो.

बातमी म्हणजे मागच्या खोलीतल्या स्टुडिओत नवं सामान आलंय. दुकानदाराने दोन माइक आठ दिवस वापरून बघायला दिलेत. पसंत पडेल तो ठेवा, नाहीतर सोमवारी परत. नवी नवरी घरात आल्यासारखा बाप त्यांच्याभोवती फिरत होता.

मग परीक्षा घ्यायची ठरली. दोन नवे आणि आपला जुना, असे तीन ओळीत मांडले आणि वायर एकच. मी आत बसून बोलायचं, त्याने काचेवर पडदा ओढून बाहेर ऐकायचं. रूप बघून भुलायला नको म्हणे. लग्नाच्या वेळी नव्हतं सुचलं! त्याने बाहेरून लाल दिवा विझवला की मी वायर काढून दुसऱ्या माइकला लावायची, दिवा लागला की बोलायचं. दर वेळी तेच बोलायचं, म्हणून मी बेचा पाढा धरला. तेवढाच येतो.

सुरुवात जुन्यापासून केली. दिवा विझला. वायर काही निघेना. ते बारीक बटण माझ्या बोटांना दबतच नव्हतं. हाक मारणार तेवढ्यात दिवा लागला. म्हटलं, जाऊ दे, म्हण पाढा. तिसऱ्यांदाही तेच.

बाहेर आले तर स्वारी खुशीत. "आई, पहिला अगदीच बोदा. दुसरा ठीक. तिसरा मात्र काचेसारखा लख्ख!"

मला हसू आवरेना. चांगली थट्टा करणार होते. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली, तिसऱ्या वेळचं रेकॉर्डिंग चालूच होतं. ती म्हणाली, "अहो, ही शिट्टी कसली? डासासारखी?"

"कुठली शिट्टी?" बाप म्हणाला.

त्याने पुन्हा लावलं. तिने पुन्हा बोट दाखवलं, "ही काय." तो स्पीकरला कान लावून बसला. पुन्हा लावलं. त्याला काही ती शिट्टी सापडेना, मलाही नाही. माझं सोड, माझे कान म्हातारे. पण त्याचं पोट कानांवर आहे.

मग मी सांगितलं, वायर निघालीच नाही, तिन्ही वेळा जुनाच होता. थट्टा राहिली बाजूला.

कपात साय धरली तेव्हा तो बोलला, "बारीक आवाज येत नाहीत, आई. बरेच दिवस झाले."

तर आता तुला कळलं. गाणं रेकॉर्ड करायला आलेल्या त्या गायिकेसमोर तू म्हणालीस, गाण्यात शिट्टी येते, माइक बदला. तो म्हणाला, कालची पोर मला शिकवते, चालती हो. आणि तू खरंच चालती झालीस. तोंडाळ तूही कमी नाहीस, चारचौघांत बापाला बोलायचं नसतं. पण खोटं नव्हतीस बोलली.

काल त्याने एक गिऱ्हाईक परत पाठवलं. खोलीला कुलूप लावून अंगणात वायरी गुंडाळत बसला होता. गुंडाळलेल्याच परत गुंडाळत होता. दुकानदाराला म्हणणार होता, सगळंच घेऊन जा. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब, मी पोरीला लिहिते. "तिला कशाला?" म्हणाला. पण थांबला.

तो काही माफी मागणार नाही. तुझा आजोबाही मागायचा नाही, मेला तोही ताठच. तेव्हा ती वाट बघत बसू नकोस. आलीस तर "मी म्हटलं होतं" हे शब्द बाहेर ठेवून ये. त्याच्या शेजारी बस आणि तुला ऐकू येतं ते त्याला सांग. हळू आवाजात, माणसासारखं.

हे लिहिताना तो मागे येऊन उभा राहिलाय. विचारलं, तुझं काही लिहू? मग म्हणाला, "विचार तिला, दोनातला कुठला ठेवू."

रविवारी येऊन सांग.

तुझी आजी,
आणि पाठीमागे उभा असलेला तुझा बाप