अक्षय तृतीयेआधीचा रस

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावरचा रागही नीट आठवत नाही. एके काळी चांगलाच होता. लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मी जरीपटक्याच्या बाजारातून आंबे आणले, सासूला आवडतील म्हणून. तुम्ही ओट्यावरची पिशवी बघितली आणि पदराला हात पुसत म्हणालात, "काहून वं, जीभ थांबत नाही काय? अक्षय तृतीयेले आधी गेलेल्याइले, मग आपल्याले." पिशवी शेजाऱ्यांकडे गेली. नवा माठसुद्धा त्या दिवसापर्यंत कोरडाच. मला वाटायचं, मेलेल्यांना कसली आलीय तहान, इथे जिवंत माणसं वाळून चाललीत. बोलायची मात्र छाती नव्हती. मग तो दिवस उजाडला, पितरांचं पान वाढून झालं, आणि रसाची पहिली वाटी तुम्ही मुलाला न देता माझ्या हातात ठेवलीत. "आता खा पोटभर. वेळेवर आलेलं अंगी लागते," एवढंच म्हणालात.

गेल्या उन्हाळ्यात तुमचा मुलगा अंथरुणाला खिळलेला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हा दोघांना कळलं होतं. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलरसमोर पडून असत. अन्न नको, पाणी नको. आणि चैत्रातल्या एका दुपारी म्हणतात, "रस कर वं थोडासा."

मी म्हटलं, "आईंना चालायचं नाही."

"मी चाललोच आहो तिकडे. भेटली की सांगतो तिले, बायकोची काही चूक नाही म्हणून."

अक्षय तृतीया अजून लांब होती, तेवढे दिवस त्यांच्याजवळ आहेत का, हे कोणी सांगेना. मी रस केला. त्यांनी एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि वाटी सरकवली. "आंबट आहे. आईचं खरं होतं, आंबा अजून झाला नाही. थांबू आपण." मी वाटी आत नेली. परत येऊन म्हटलं, "हो, आंबटच आहे. थांबू."

मग ते थांबले. रोज सकाळी विचारत, "किती दिवस राहिले वं?" त्या विचारण्यात चेहरा थोडा उजळायचा. अक्षय तृतीयेच्या अलीकडेच गेले. काही दिवस मला तुमच्या त्या नियमाची पुन्हा चीड आली, मग तीही ओसरली.

यंदा फाल्गुनातच गाड्या आंब्यांनी भरल्या. घरात मला अडवणारं कोणी नाही, तरी मी एकही आणला नाही. तुमच्यासारखी श्रद्धा माझ्यात नाही. पण उन्हाळा काढताना वाट बघायला काहीतरी लागतं, आणि ते तुम्ही आम्हाला देऊन गेला होतात, हे आता पटलंय. आज अक्षय तृतीया. माठ भरला, वाळा टाकला. नेहमीच्या पानांशेजारी एक पान जास्त वाढलं.

हे पत्र कुठे टाकायचं, तेव्हा राहील इथेच. तुमची भेट झाली असेल तर बाकीचं त्यांनी सांगितलंच असेल. एक मात्र त्यांनाही ठाऊक नाही. वाटीतला उरलेला रस टाकवेना म्हणून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाल्ला होता. गोड होता, आई.