डाव्या चाकाची ढेप

मु. बारामती,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

तीर्थस्वरूप मोहनराव दाजी यांचे सेवेशी, धाकटा मेहुणा सोपान याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व मंडळी सुखरूप आहेत (म्हणजे ज्यांचे हात मोडले नाहीत ती). शेळगावची खुशाली कळवावी. आक्काचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेले तेल ती गुडघ्यालाच लावते ना, की शेजारच्या ठमाबाईला वाटून टाकते, यावर जरा लक्ष ठेवावे. त्या बाईचा चेहरा मला पहिल्यापासून तेल मागणाऱ्याचा वाटतो.

आमच्या बारामतीस विमान येऊन गेले हे तुमच्या कानी आले असेलच, पण जे आले असेल ते खोटे असणार, म्हणून खरे ते मी लिहितो. (येऊन गेले म्हणणेही चुकीचेच. आले ते खरे, पण जाताना बैलगाडीत घालून न्यावे लागले.) पाडव्यानंतर एका कंपनीचा माणूस गावात येऊन माणसांना हवेत फिरवून आणतो म्हणून दवंडी देऊन गेला. फिरवून आणतो म्हणजे परत नक्की आणतो का, हे मी एकट्याने विचारले. बाकीचे खुळे नुसते वर बघत होते. संभाजीचे पाटाकडेचे पडीक रान ठरले. विमानाच्या साहेबाने आदल्या दिवशी हुकूम धाडला की रानात एकही दगड दिसता कामा नये. झाले, चाळीस माणसांनी सकाळपासून दगड वेचले आणि गाड्या भरून पार ओढ्यात नेऊन ओतले. दुसऱ्या दिवशी विमान उतरले आणि त्यांचा मिस्त्री खाली उडी मारून पहिला शब्द काय बोलला असेल? "चाकासमोर लावायला दगड आणा." त्यांचे लाकडी ठोकळे म्हणे मागच्या मुक्कामी राहिले. यंत्राला ब्रेक नाही, पंखा सुरू झाला की ते थांबत नाही, म्हणून दोन्ही चाकांपुढे जड काहीतरी हवेच. ठोकळे खरेच राहिले की विकून खाल्ले, हे त्या मिस्त्रीलाच माहीत.

आता ओढ्यातले दगड परत कोण आणणार? तेवढ्यात मामलेदारसाहेबांची नजर माझ्या गाडीवर गेली. तुम्ही गाडीवान म्हस्कूबरोबर पाडव्याला पाठवलेल्या गुळाच्या दोन ढेपांपैकी एक मी नुकतीच घरी उतरवली होती आणि एक गाडीत होती. साहेब म्हणाले, सोपानराव, तुमची ढेप द्या. हे ऐकल्याबरोबर आमच्या बाजारातला सर्जेराव पुढे सरसावून म्हणाला की माझीही एक घ्या. (या माणसाने आजवर कुणाला फुकट गुळाचा खडासुद्धा दिलेला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.) दोन्ही ढेपा त्याच्याच गड्याने एकसारख्या गोणपाटात बांधल्या. डाव्या चाकापुढे माझी, उजव्यापुढे त्याची. आम्हा दोघांच्या दंडाला लाल फडकी बांधली आणि आपापल्या चाकाची जबाबदारी दिली. विमानाच्या साहेबाने मिस्त्रीकडून तीन वेळा बजावले की मी वरून हात हलवीपर्यंत कोणीही ढेपेला हात लावायचा नाही आणि पंख्याच्या पुढून जायचे नाही. मी मान डोलावली. सर्जेरावही डोलावत होता, पण त्याची मान डोलवायची तऱ्हा मला आवडली नाही.

पंखा सुरू झाला की मागची बाजू उचलते, म्हणून शेपटावर दाबून बसायला अंगाने भरलेला माणूस हवा होता. पाटावरचा पाटकरी भिमा तिथे राखणीला होताच, त्याला बसवले. विमानात पहिले बसायला गावातल्या द्वारकाबाई पुढे आल्या. वय सत्तर, पण उमेद दांडगी. पंखा फिरला, धुरळा असा उठला की शेजारचा माणूस दिसेना. साहेबाचा हात हलायच्या आतच विमान उजवीकडे गर्रकन वळले आणि थेट मामलेदारसाहेबांच्या मंडपात शिरले. मामलेदारसाहेब खुर्चीसकट मागे गेले. एक पंख मोडला, पंख्याची दोन्ही पाती गेली. द्वारकाबाई मंडपात खाली उतरल्या आणि लुगडे झटकत म्हणाल्या, "एवढंच व्हय? ह्यापरीस आमची गाडी बरी." भिमा मात्र शेपटाला धरून चाळीस पावले फरपटत गेला. त्याचा डावा हात कोपराखाली मोडला.

दाजी, आता खरे राजकारण ऐका. सर्जेरावाची ढेप उजव्या चाकाखाली चुरा होऊन सापडली. माझी, म्हणजे तुमची, ढेप जागेवर नव्हतीच! गोणपाटसुद्धा नाही. कंपनीच्या माणसाने लगेच सांगून टाकले की शेपटावरच्याने हात सोडला, म्हणून विमान वळले. पंचनामा झाला. मी पंचांत होतो. (पंच म्हणून मला का घेतले, याचाही मला संशय आहे.) मी साऱ्यांवर नजर फिरवली. सर्जेरावाने ढेप गडप केली असेल. मिस्त्रीने ठोकळ्याचे पाप झाकायला फेकली असेल. छबूबाईची म्हैस त्या बाजूला चरत होती आणि तिच्या मिशांना काहीतरी लागले होते. मुंग्यांनी तर सकाळपासून रांग धरली होती. इतके संशयित असताना पंचनाम्यात एकच नाव उठले, भिमाचे. मीही खाली सही केली. सगळे करत होते.

आता सोमवारी कचेरीत चौकशी आहे. भिमाची हयगय ठरली तर पाटाचे साहेब त्याला कामावरून काढणार, असे शिपाई सांगत होता. त्याची बायको साखरबाई दोनदा माझ्या दारावरून गेली. एकदाही आत आली नाही. ही बाई काही मागत का नाही, याचा अर्थ मला लागत नाही. न मागणारी माणसे फार खोल असतात. भिमाही गप्प आहे. चाळीस पावले फरपटलेला माणूस, "म्या हात सोडला न्हाय" एवढे एकच वाक्य बोलला आणि नंतर तोंड उघडले नाही. त्याने काय पाहिले असेल? काहीतरी डाव आहे. मला रात्रंदिवस तेच खाते आहे. जेवणावरची वासना गेली आहे, आणि बाजारात काल दोन नंबरच्या गुळाला मी एक नंबर म्हणालो. माझ्या जिभेवर अख्खा बाजार चालतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिची ही गत झाली. बाकी सर्व ठीक. आक्कास नमस्कार, लेकरांस आशीर्वाद.

आपला,
सोपान

ता. क. : सोमवारच्या आधी तुम्ही बारामतीस यावे. तुमचे गुऱ्हाळ तालुक्यात नावाजलेले, तुमचा शब्द कचेरीत चालेल. एवढेच सांगावे की चैत्राच्या उन्हात ढेप आपली आपण वितळते, मागे काही राहत नाही. (गोणपाटाचे कोणी विचारले तर तेही वितळते असे म्हणू नये. गप्प बसावे.)

दुसरा ता. क. : काल म्हस्कूच्या गाडीत बियाण्याचे पोते पाठवले आहे. ते बियाणे नाही. आक्कासमोर उघडू नये. दाजी, तुमच्यापाशी लपवून काय करू? धुरळा उठला तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार आला, की सर्जेरावाच्या गड्याने बांधताना अदलाबदल केली असणार आणि माझ्या चाकापुढे त्याची काळी ढेप आहे. मग खेळ संपल्यावर तो माझी पिवळी ढेप आपली म्हणून घरी नेणार! मला राहवेना. मी खाली वाकलो, ढेप जरा बाजूला ओढली, चाकूने कोपरा कापून जिभेवर ठेवला. तुमचीच होती, दाजी. ती गोडी मी झोपेतही ओळखीन. मी ती तोंडात घोळवत होतो तेवढ्यात विमान माझ्या डोक्यावरून गेले असे वाटले. पुढे माझ्या हातांनी ढेप गाडीत कधी ठेवली, ते मलाच कळले नाही.

तिसरा ता. क. : पत्र बंद करत होतो तेवढ्यात भिमा आला. हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हाताने त्याने कमरेला खोचलेला माझा चाकू काढला, पितळी मुठीचा, मी आठ दिवस शोधत होतो तो. म्हणाला, "मालक, ह्यो चाकाम्होरं पडला हुता. पंचांच्या पायाखाली ग्येला असता, म्हून उचलून ठिवला. बाजारात तुमास्नी लागत आसंल." मी विचारले, मग कुणाला सांगितले का नाहीस? तो म्हणाला, "तुमी सांगाल म्हणलं. पंच हायसा न्हवं तुमी." पाणीही न घेता गेला. मी त्या बोलण्यात डाव शोधला. दोन तास शोधला. मला सापडला नाही. मला लाज वाटते, दाजी.

तेव्हा वरचा पहिला ता. क. रद्द समजावा. साक्ष देऊ नये. पण सोमवारी यावे आणि नुसते माझ्या शेजारी उभे राहावे, कारण एकट्याने माझी जीभ उचलणार नाही. आणि ती ढेप म्हस्कूबरोबर परत पाठवावी, कचेरीत दाखवायची आहे. पाठवण्याआधी वजन करून चिठ्ठीवर लिहावे. म्हस्कू माणूस चांगला आहे, पण वाटेत कोपरा कापून चाखायची बुद्धी भल्याभल्यांना होते.