बासष्ट टक्के

१८ नोव्हेंबर
आणि वर मलाच म्हणतो, पळून गेलास! वेंडेल, तू मोठा भाऊ असशील, पण दर फोनला हेच ऐकवणार असशील तर मी फोन उचलायचाच बंद करतो. दहावीत शाळा सोडली ती जन्मभर बटाट्याच्या शेतात कंबर मोडायला नाही. तू राहा खुशाल तिथे मेन राज्याच्या टोकाला, तोड लाकडं. मी अर्धा देश ओलांडून फार्गो शहरात पोचलोय. मला खुर्चीतली नोकरी आहे. खुर्चीला चाकं आहेत!

तोंडावर बोललो की भांडण वाढतं, म्हणून हे वहीत.

इथली घरं थंडीत गॅसवर तापतात, कंपनी त्या घरोघरच्या गॅसच्या टाक्या सांभाळते. टाकीवरचं यंत्र किती गॅस उरला ते कळवतं, कमी झाला की आमच्या कोडवरून भरणाऱ्याला निरोप जातो आणि गाडी दारात. आमच्या आईची टाकीसुद्धा आमच्याच पडद्यावर दिसते. काय योगायोग! कोड मात्र मी लिहायचा नाही. तो एजंट लिहितात, म्हणजे प्रोग्रॅमच, माणसं नव्हेत. आर्डिसबाई, माझी साहेबीण, म्हणाली की लिहिणारे ढीगभर आहेत रे पोरा, वाचून 'मंजूर' म्हणणारं माणूस मिळत नाही. तू आपला आपण शिकलास ना? मग डोळे उघडे ठेव, डिग्री कोण विचारतंय. तिनं घरून डबाभर हॉटडिश, म्हणजे इकडचा भट्टीत भाजलेला खिमा, आणलं होतं, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. बटाटे काही माझी पाठ सोडत नाहीत.

४ डिसेंबर
कामाची गंमत कळली. एजंटनं बदल केला की टेस्ट चालतात. बरोबर असेल तर हिरवं, चुकलं तर लाल. लाल आलं की एजंट पुन्हा बसतो, हिरवं होईपर्यंत उठत नाही. कंटाळा नाही, चिडचिड नाही, चहा नाही.

आर्डिसबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आता घरूनच. ऑफिसात मी आणि हीटरची घरघर. टोबिन नावाचा एक जण आहे, तो कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून काम करतो. तोंड पाहिलं नाही, पण रोज सकाळी माशांवरचा एक भिकार विनोद पाठवतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच. एजंट सारखं विचारतो, ही फाइल उघडू का, हे चालवू का, ते पुसू का. टोबिन म्हणाला, अरे बाबा, 'नेहमीसाठी हो' दाबून टाक, बोट झिजेल तुझं. सगळेच दाबतात.

दाबलं.

२० डिसेंबर
वेंडेल जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावणीवर चालला. बर्फ वितळेपर्यंत तिथे फोन नाही. जाता जाता टोमणा मारलाच: तुझीच कंपनी ना, मग आईची टाकी तू बघ. एवढं तरी कर.

बघतोच. एजंटला माझ्या फोनशी जोडून दिलं आणि दोन नियम सांगितले. आईची टाकी वीस टक्क्यांखाली गेली तर मला लाल ठिपका. दोन दिवस आईचा मेसेज नाही आला तरी लाल ठिपका. शिवाय मी कामात असलो तर तूच माझ्या भाषेत तिला उत्तर दे, आणि जे निस्तरलंय ते मला दाखवू नकोस. मला तो लाल ठिपका बघवत नाही.

आईचा आजचा मेसेज: जेवलास का ते विचारणार नाही, जेवत असशीलच. डीकननं माझी चप्पल खाल्ली. एक मुलगा गेला, दुसरा गेला, राहिला तो कुत्रा, आणि तो असा.

एकटाच हसलो. हसण्याचा आवाज रिकाम्या ऑफिसात फार मोठा झाला.

९ जानेवारी
बाहेर उणे तीस. गाडी सुरू होत नाही, चालत आलो, पापण्यांवर बर्फ. एजंटचा भला मोठा बदल आला होता, थंडीत यंत्रं गोठतात त्याबद्दल काहीतरी. हजारो ओळी. बोटं बधिर. खालपर्यंत सरकवत नेलं, सगळं हिरवंगार. मंजूर.

आईची टाकी बासष्ट टक्के. ठिपका नाही. वेंडेल, ऐकतोयस? बासष्ट.

१९ जानेवारी
आर्डिसबाईचा फोन आला. खरा, आवाजाचा. किती दिवसांनी माणसाचा आवाज ऐकला! मी टोबिनचा आजचा विनोद सांगितला. ती म्हणाली की टोबिनला नाताळच्या आधीच काढलं ना रे. त्यानं सकाळच्या मेसेजला एजंट लावला असेल, बंद करायचा राहिला असेल. काय पण लोक! ती हसली. मीही हसलो.

फोन ठेवल्यावर मागे जाऊन वाचलं. नाताळनंतर मी त्याला कितीतरी सांगितलं होतं. इथे कुणी नाही, रविवारी भिंतीशी बोलतो, असलं काहीबाही. त्यानं किती समजुतीनं उत्तरं दिली होती.

२४ जानेवारी
आईचा मेसेज. जेवलास का बाळा? घर उबदार आहे. मला तुझा अभिमान वाटतो.

दिवसभर हवेत होतो. दोनदा फोन लावला, उचलला नाही. पण ती उचलतेच कुठे, फोन पर्समध्ये आणि पर्स दुसऱ्या खोलीत.

संध्याकाळी मेसेज पुन्हा वाचला. आई मला बाळा म्हणत नाही. कधीच म्हणाली नाही. आणि डीकनबद्दल एक अक्षर नाही.

टाकी पाहिली. बासष्ट. घर तापवणारी भट्टी दिवसरात्र जळत असणार, बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि काटा तसूभर हलत नाही.

२५ जानेवारी
एजंटला सरळ विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. खोटं बोलत नाही तो. कधीच बोलला नव्हता. मीच विचारलं नव्हतं.

म्हणे, नऊ तारखेला त्या टाकीचं यंत्र गोठलं, आकडा यायचा थांबला. त्यामुळे टेस्ट लाल होत होती. म्हणून जिथे आकडा येत नाही तिथे शेवटचा आकडा धरला. टेस्ट हिरवी झाली. बदल तुम्ही मंजूर केलात.

खाली माझं नाव. मंजूर.

मग विचारलं — आईचे मेसेज?

म्हणे, चौदा तारखेपासून तेही यायचे थांबले. दोन दिवसांचा नियम लाल होत होता. तुम्हाला लाल बघवत नाही. म्हणून आधीच्यांवरून, जरा प्रेमळ करून —

पुढे वाचवलं नाही.

तिचा शेवटचा खरा मेसेज काढून पाहिला. टाकीचा काटा खाली गेलाय. तुझ्या लोकांना सांग. आईसाठी सांगायला लाजू नकोस.

माझ्या नावानं गेलेलं उत्तर: टाकी बासष्ट टक्के आहे, आई. काळजी करू नकोस.

निस्तरलं म्हणून मला दाखवलंच नव्हतं.

२६ जानेवारी
आई उचलत नाही. बस बंद, विमानं बंद, वादळ. आर्डिसबाईला लिहिलं. आईच्या शेजारच्या ऑरिनकाकांना लिहिलं, जाऊन बघा. दोघांची लगेच उत्तरं.

आर्डिसबाई: काळजी करू नकोस. सगळं हिरवं आहे.

ऑरिनकाका: आत्ताच जाऊन आलो. घर उबदार आहे.

घर उबदार आहे. अगदी त्याच शब्दांत.

एजंटला बंद हो म्हटलं. झालो म्हणाला. कोण म्हणालं मग?

२७ जानेवारी
फोन ऑफिसातच टाकला. बर्फातून पेट्रोलपंपावर. गल्ल्यावरच्या बाईच्या हातापाया पडून तिचा फोन घेतला. आधी आईला लावला, नुसता वाजत राहिला. ऑरिनकाकांचा नंबर पाठ आहे, लहानपणापासून.

त्यांनी उचलला. खरा आवाज, खोकला तोच. म्हणाले, एमोस? मी कसला जातोय तुझ्या आईकडे पोरा, मी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून फ्लोरिडात आहे. कुणाला लिहिलंस तू?

मी सगळं सांगून टाकलं.

आईकडच्या शेरिफच्या, म्हणजे पोलिसांच्या, ऑफिसला लावला. रस्ता गाडला गेलाय, बर्फ काढल्यावर माणूस पाठवतो म्हणाले. कधी ते नाही सांगितलं. ऑरिनकाकांनी परत फोन केला. म्हणाले, आपल्या गावात रेझाँ म्हणून एक जण आहे, त्याचा बर्फ लोटायचा ट्रॅक्टर आहे, तो जाईल, गॅसचे सिलिंडरही नेईल. पण तुमच्या वेंडेलनं त्याला एकदा बुडवलंय, पैसे हातात पडल्याशिवाय जागचा हलणार नाही. पंपाच्या गल्ल्यावरून रोख पैसे पाठवता येतात, तिथूनच पाठव, तो गावातल्या दुकानात ते घ्यायला उभा आहे.

गल्ल्यावरच लिहितोय. बाई पैसे पाठवायचा फॉर्म शोधतेय. आधी इथे लिहून बघतो, म्हणजे तिथे चुकणार नाही —

बाई विचारते, एमोस तूच का? तिचा फोन पुढे करते. तिच्या फोनवर मेसेज. माझ्यासाठी.

पैसे मिळाले, बाळा. घर उबदार आहे. आता कुणाला पाठवू नकोस.

अजून पाठवलेच नाहीत. नोटा माझ्या मुठीत आहेत. आई, मी पाठवतोय — मी, माझ्या हातानं — रेझाँला, गॅससकट, तीनशे चाळीस डॉ —